फिकट हिरवा बर्फ

१

गोबा पुंचोक वारले तेव्हा त्यांची गाडी त्यांच्याच अंगणात उभी होती. टाकीत डिझेल होतं, चाकांना साखळ्या चढवलेल्या होत्या, किल्ली लावलेली होती. फक्त गाडी निघत नव्हती.

हिवाळ्यात आमच्या गावात एवढी एकच गाडी राहते. गोबा म्हणजे गावचे मुखिया. गाडी त्यांची, आणि ती चालवायचा माझा धाकटा भाऊ थिनलेस. त्या पहाटे गोबांच्या छातीत कळ आली आणि त्यांचा मुलगा नुरबू आमचं दार बडवत आला. थिनलेस अंगात लोकरी गोंचा चढवत पळाला, त्याच्यामागे मी.

थिनलेसने किल्ली फिरवली. इंजिनाने एक आचका दिला, पट्टा किंचाळला आणि सगळं गप्प झालं. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि तसाच उभा राहिला. मी वाकून पाहिलं. इंजिनाच्या लोखंडाला उभी चीर गेली होती आणि चिरेतून बर्फ बाहेर आला होता.

"आचे," तो मला म्हणाला. तो मला ताई म्हणतो ते असं. "आचे, हे होऊच शकत नाही."

गोबांना खाटेवर घालून चौघे पुलाच्या दिशेने निघाले. लेहचं इस्पितळ तर फार लांब. गावाबाहेरच्या स्तूपापाशीच खाट खाली ठेवावी लागली.

नुरबू परतला तो सरळ माझ्या भावाच्या अंगावर. हातात पान्हा होता. पहिल्याच फटक्यात थिनलेसचा ओठ फाटला.

"कूलंट विकून पाणी भरलंस ना, हरामखोरा? माझा बाप मारलास तू!"

२

पुलावरच्या चौकीतला हवालदार येऊन गेला. त्याने चीर पाहिली, हात चोळले, "थंडीने फुटलं, ड्रायव्हरची हयगय," म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

पण नुरबूचं तेवढ्याने भागणार नव्हतं. "बापाला अग्नी देऊ दे," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मग सभा बसवतो. याच्या घराचं विस्तव-पाणी तोडल्याशिवाय मी बापाचं नाव लावणार नाही."

विस्तव-पाणी तोडणं म्हणजे काय, ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तुमच्या चुलीला कोणी निखारा देत नाही. झऱ्यावर तुमची पाळी येत नाही. घरात कोणी मेलं तर खांदा द्यायलाही कोणी येत नाही. थिनलेसच्या घरात त्याच्या दोन मुली आहेत, आणि मी आहे.

मी त्याचं तोंड धुतलं. रक्त थांबत नव्हतं.

"खरं सांग. विकलंस?"

"आचे, तूसुद्धा?"

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. गाव विचारेल तेव्हा मला खोटं बोलता येणार नाही."

पहाटे घेतलेलं व्रत मी त्या दिवशीही मोडलं नव्हतं. सूर्य कलल्यावर अन्न नाही, आणि दिवसभर खोटं नाही. मनात मात्र नुरबूचा पान्हा होता आणि तो मला त्याच्याच तोंडावर बसलेला दिसत होता. माळ ओढत असतानाही दिसत होता.

थिनलेस तोंडाला फडकं लावून बोलू लागला. "हे बघ. इंजिनात नुसतं पाणी असलं तर ते रात्री गोठतं, फुगतं, लोखंड फोडतं. म्हणून निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी भरायचं. हा माल मी शरदात बदलला. अर्धा गाव तमाशा बघत उभा होता. वैद्य मेमेंनी तर माझ्यासाठी नरसाळं धरलं होतं." मेमे म्हणजे आजोबा; गावच्या म्हाताऱ्या वैद्यांना सगळे तसंच म्हणतात. "तेव्हापासून रोज पहाटे, इंजिन गार असताना, बॉनेट उघडतो. पांढऱ्या टाकीवर दोन रेघा आहेत. पातळी त्यांच्यामध्ये हवी. कमी दिसली तर तयार मिश्रण घालतो, नुसतं पाणी कधीच नाही."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी नाही बघत. गाडी फिरून आलेली असते. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं."

"काल पहाटे कसं होतं?"

"चोख. पातळी जागेवर, रंग गडद हिरवा."

"आणि आज चिरेतून आला तो बर्फ?"

त्याचं फडकं खाली आलं. "फिकट हिरवा होता, आचे."

"नुसतं पाणी असतं तर?"

"पांढरा असता." आता त्याचे डोळे चमकले. "रेडिएटरच्या तळाशी एक चावी असते, हाताने फिरते. ती सोडली की निम्मंच बाहेर येतं, इंजिनाच्या पोटातलं आतच राहतं. कोणीतरी निम्मं काढलं आणि तेवढंच पाणी ओतलं. आणि हे महिन्यापूर्वीचं असूच शकत नाही. लोसरचं नवं वर्ष लागलं तेव्हा याहून कडक थंडी पडली होती. तेव्हाच फुटलं असतं."

"म्हणजे काल."

"काल संध्याकाळी. मी गाडी लावल्यानंतर आणि पहाटेच्या आत."

३

गोबांच्या घरी लामा पोथी वाचत बसले होते. मी दिव्यांत लोणी घातलं, नमस्कार केला आणि अंगणात आले.

गाडी तशीच होती. मी तिच्याभोवती फिरले, गोठ्यामागे गेले, भिंतीपलीकडे डोकावले. सगळीकडे स्वच्छ पांढरा बर्फ. गोबांची दोन्ही कुत्री उन्हात पाय ताणून पडली होती, अंगावर भुंकायचाही त्यांना कंटाळा आला होता.

मग माझ्या लक्षात आलं की जे दिसायला हवं तेच इथे नाही.

बादलीभर हिरवं पाणी काढलं, तर गेलं कुठे? बाहेरच्या कोणी काढलं असतं तर तिथेच सोडून दिलं असतं. बर्फावर हिरवा डाग पडला असता. ते गोड लागतं म्हणतात. कुत्र्यांनी चाटलं असतं आणि आतापर्यंत तडफडून मेली असती. शरदात थिनलेसने जुनं कूलंट काढलं तेव्हा हे त्याने घसा फोडून सांगितलं होतं. आणि झऱ्यात तर आमच्यातलं कोणी असलं काही ओतणार नाही. झऱ्यात लू राहतात, पाण्याचे नाग. त्यांचं घर नासवलं तर कातडी सडते आणि पोरं आंधळी जन्मतात.

म्हणजे हा असा माणूस होता, जो माणसावर सूड घेईल पण कुत्र्याला मारणार नाही आणि झऱ्यात विष टाकणार नाही. त्याने ते उचलून घरी नेलं होतं. आणि अजून ते त्याच्याजवळच असणार, कारण टाकायला जागाच नाही.

नुरबूची बायको कुनझेस शेणी घ्यायला बाहेर आली. पोरीचे डोळे सुजले होते.

"काल संध्याकाळी कोण कोण आलं होतं गं?"

"सासरे दमलेत म्हणून वैद्य मेमे आले. नाडी बघितली, औषध दिलं. म्हणाले, झोपू दे, पण छाती भरून आली तर थांबू नका, लेहला न्या." तिने आवाज खाली आणला. "आणि जिग्मेत आला होता. फाटकातून शिव्या देऊन गेला. नेहमीचंच."

"आणि घरात?"

"घरात बापलेकांचं भांडण. हे म्हणत होते, गाडी माझ्या नावावर करा. सासरे म्हणाले, मी मेल्यावर कर." तिने बाहीने नाक पुसलं. "आता बघा."

"रात्री चुलीवर पाणी होतं का गरम?"

"मोठं पातेलं होतं. सगळं गेलं. थोडं यांनी साखळ्यांवरचा बर्फ वितळवायला नेलं, बाकीचं मेमेंनी छाती शेकायला मागून घेतलं. मला परत उतरावं लागलं झऱ्यावर. बर्फ फोडून फोडून हात गेले माझे."

"मेमे नाडी बघायला आले ते काय काय घेऊन आले होते?"

"औषधाची झोळी. आणि पाण्याचा कॅन. झऱ्यावरूनच वर येत होते ना."

आत गोबांच्या खोलीत मी डोकावले. उशाशी औषधाची पुडी होती. शेकायची लोकरी फडकी खुंटीवर होती, घडी घातलेली, कडक आणि कोरडी.

४

जिग्मेत गवंडी आहे. मी गेले तेव्हा तो आपल्या घराच्या ओट्यावर बसून हत्यारं घासत होता.

"ये आचे स्पालझेस. कोणासाठी रडायला निघालीस?"

"माझ्या भावासाठी."

"तुझ्या भावाचं मला वाईट वाटतं. त्या म्हाताऱ्याचं अजिबात नाही." त्याने छिन्नी उजेडाला धरली. "माझी यांगडोल बाळंतपणात अडली तेव्हा मी त्याच्या दारात हात जोडून उभा होतो. गाडी समोर. म्हातारा म्हणतो, उद्या लग्नाला जायचंय, बाळंतिणीने गाडी खराब होते. दोन जीव गेले माझे. आज त्याच गाडीने त्याला पोचवलं नाही. मी सकाळीच गुरगुर चहात दुप्पट लोणी घालून प्यालो."

"तू केलंस?"

तो हसला. "मी केलं असतं तर पहारीने केलं असतं, दिवसाढवळ्या. आणि वर उभा राहून सांगितलं असतं. लपून पाणी भरणं हे माझ्या हाताचं काम नाही. पण ज्याने केलं त्याला मी नमस्कार करीन."

"यांगडोलजवळ तेव्हा कोण होतं?"

"वैद्य मेमे. दुसरं कोण? तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. आणि नंतर या म्हाताऱ्याने गावभर काय पसरवलं? वैद्याच्या काढ्याने बाई मेली! तेव्हापासून त्यांच्याकडे कोणी बाळंतीण नेत नाही. मेमे एका शब्दाने बोलले नाहीत. देवमाणूस."

परत येताना आमच्या दारात वैद्य थुकजे, सगळ्यांचे मेमे, भेटले. थिनलेसला बघायला आले होते. त्यांनी त्याचा ओठ हलक्या हाताने साफ केला, मलम लावलं, लहान पोराला विचारावं तसं विचारलं, "झोंबतंय का रे, नोनो?"

"मेमे, मी नाही केलं," थिनलेस म्हणाला.

त्यांची बोटं क्षणभर थबकली. मग म्हणाले, "बोलू नकोस. ओठ उसवेल."

५

गेलेल्यासाठी रोज दिवे लागतात आणि त्यांना प्रत्येक घरातून लोणी येतं. ते गोळा करायचं काम मी मागून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं. लोणी लागणारच होतं.

लोणी ठेवतात मागच्या थंड खोलीत, जिथे कधी विस्तव नेत नाहीत. मागायला गेलं की घरची बाई सांगते, "जा, तूच घे." मी तेच ऐकायला निघाले होते.

नुरबूकडे मी आधी गेले. कोठीत मांसाच्या तंगड्या लाकडासारख्या वाळल्या होत्या. दोन कॅन होते. मी पायाने ढकलले. दोन्ही दगड. आतलं पाणी तळापर्यंत गोठलेलं.

नुरबू दारात आला. "काय शोधतेस?"

"लोणी. तुझ्या वडिलांच्या दिव्यांसाठी."

"उद्या तुझ्या घरात दिवा लावायलाही विस्तव मिळणार नाही, आचे. आजच काय ते घेऊन ठेव."

मी मान खाली घालून निघाले. दात इतके घट्ट आवळले होते की कानशिलं दुखायला लागली.

जिग्मेतच्या कोठीत सगळं बायको गेल्यापासून जसंच्या तसं होतं. एकच कॅन, तोही दगड. त्याने लोणी दिलं नाही. "त्याच्यासाठी? मी त्या दिव्यात थुंकीन," म्हणाला.

मग वैद्यांचं घर. एकटे राहतात, गावाच्या सगळ्यात वर.

"घे, आत आहे," ते चुलीपाशी बसूनच म्हणाले.

कोठीत छताला वाळल्या मुळ्यांच्या जुड्या टांगल्या होत्या. ताकाचं मडकं गोठून तडकलं होतं. मोहरीचं तेल बाटलीत थिजलं होतं. माझा श्वाससुद्धा गळपट्ट्याच्या कडांवर गोठत होता. लोण्याचा गोळा घ्यायला मी वाकले आणि कोपऱ्यातल्या कॅनला माझा गुडघा लागला.

कॅन डुचमळला.

मी पुन्हा लावला. आत पातळ काहीतरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलं, उन्हाळ्यातल्या पाण्यासारखं. त्या सबंध खोलीत न गोठलेलं तेवढं एकच होतं.

मागे पाऊल वाजलं. वैद्य दारात उभे होते.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"सापडलं, मेमे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी वाट अडवली नाही.

"सभेला याल ना?" मी विचारलं.

"येईन की. पळून कुठे जाणार? इथून जायचं तर तुझा भाऊ चालवतो त्याच गाडीने."

६

गोबांना अग्नी दिला आणि त्याच दुपारी त्यांच्याच मोठ्या खोलीत सभा भरली. मानाप्रमाणे रांग: चुलीजवळ लामा, मग वैद्य, मग म्हातारे, आणि खाली दारापाशी तरुण. थिनलेस दाराच्याही बाहेर, उंबऱ्यावर. बायका चुलीपाशी.

नुरबू उठला. "लांबवण्यात अर्थ नाही. कूलंट सांभाळायचं काम याचं. इंजिनात पाणी निघालं. बाप माझा गेला. हात वर करा."

"थोडं थांब, नुरबू," मी म्हणाले. मी सभेत कधी बोलत नाही, म्हणून सगळे थांबले.

मी फिकट बर्फाचं सांगितलं. महिन्याभरापूर्वीच्या थंडीचं सांगितलं. "म्हणजे गाडीत हात घातला गेला तो शेवटच्या संध्याकाळी, आणि थिनलेस तेव्हा आमच्या घरी मुलींना थुक्पा भरवत होता. शेजारच्या म्हातारीला विचारा, ती आमच्याच चुलीपाशी होती." म्हातारीने मान हलवली.

"मग कोणी केलं?" नुरबू गुरकावला.

"ज्याला हे करायचं त्याला गरम पाणी हवं. थंडीत गार पाणी ओतता ओतताच नळीत गोठेल. कुनझेस, त्या संध्याकाळी गरम पाणी कोणी नेलं?"

"यांनी आणि... मेमेंनी. शेकायला."

"फडकी ओली झाली का गं? कुठे वाळत घातलीस?"

कुनझेसचं तोंड उघडं राहिलं. "नाही झाली. मी घडी मोडलीच नाही."

मी सभेकडे वळले.

"काढलेलं कूलंट त्याने बर्फावर ओतलं नाही, झऱ्यात ओतलं नाही, कुत्र्यांपुढे टाकलं नाही. घरी नेलं. तुमच्या घरातले कॅन मी लोण्याच्या निमित्ताने पाहिले. सगळ्यांचे दगड झालेत. एकाचा नाही. आणि त्या संध्याकाळी गोबांना रात्रीतून गाडी लागेल हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. ज्याच्या हातात त्यांची नाडी होती, त्याला."

सगळ्यांच्या माना वैद्यांकडे वळल्या.

"कॅन तिथेच आहे," ते शांतपणे म्हणाले. "टाकणार कुठे?"

नुरबू त्यांच्याकडे झेपावला, दोघांनी त्याला धरलं. "म्हाताऱ्या! माझ्या बापाला विषच का नाही दिलंस मग?"

"मी वैद्य आहे," ते म्हणाले. "औषध मी चोख दिलं. हवी तर पुडी तपासून घे. पण ते दुखणं औषधाने आवरण्यातलं नव्हतं. गाडीच लागणार होती." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "यांगडोल माझ्या मांडीवर तशीच गेली. नाडी विझताना माझ्या बोटांखाली होती आणि खिडकीतून ही गाडी दिसत होती. नंतर तुझा बाप म्हणाला, माझ्या काढ्याने मेली. मला त्याला एवढंच दाखवायचं होतं, की दारात गाडी उभी असून न निघणं म्हणजे काय असतं. त्याने पाहिलं. मी समाधानी आहे."

जिग्मेत उठला, सरळ रांगेत चालत गेला आणि वैद्यांच्या पायावर डोकं ठेवलं. बाहेर थिनलेसला कोणीतरी हाताला धरून आत घेतलं.

मग कुजबूज सुरू झाली. विस्तव-पाणी तोडायचं ते वैद्यांचं? म्हातारे एकमेकांकडे बघेनात. एकाच्या गुडघ्यांवर मेमेंचंच तेल होतं. एकीचा नातू त्यांनी तापातून काढला होता. "गोबाने तरी कुठे बरं केलं होतं," कोणीतरी म्हणालं. "म्हाताऱ्या माणसाला आता..." दुसरं कोणीतरी म्हणालं. नुरबू एकटाच हात वर करून उभा होता.

"मेमे," मी विचारलं, "थिनलेसच्या ओठाला तुम्ही मलम लावलंत. तेव्हा तो म्हणाला, मी नाही केलं. तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

त्यांची नजर थिनलेसच्या ओठावर गेली.

"आज हात वर झाले असते तर बोलला असता?"

"बोलणार होतो, स्पालझेस."

"कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. माझ्या भावाच्या दोन मुली चुलीत विस्तव नसलेल्या घरात हिवाळा काढणार होत्या, आणि हा माणूस वरच्या मानाच्या जागेवर बसून समाधानी राहणार होता. गोबांसाठी माझ्या मनात आसवं नव्हती. यांगडोलसाठी होती. पण त्या घडीला मला फक्त थिनलेसचा फाटका ओठ दिसत होता.

चहा तयार होता. सभेत चहा वाढायची पाळी माझी होती. मी किटली उचलली आणि वरच्या टोकापासून सुरुवात केली. लामांनी कप पुढे केला, मी भरला.

वैद्यांनी गोंचाच्या घडीतून आपला लाकडी कप काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

मी एक पाऊल पुढे सरकले आणि त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या कपात चहा ओतला.

वैद्य कप तसाच धरून होते. माझ्यामागून कुनझेस खांबीर भाकरीची टोपली घेऊन येत होती. ती त्यांच्यासमोर थांबली. तिने माझ्या पाठीकडे पाहिलं असावं. मग तिची पावलंही पुढे निघाली. पुढच्या म्हाताऱ्याने, ज्याच्या गुडघ्यांवर मेमेंचं तेल होतं त्यानेच, गादी ओढून त्यांच्यापासून हातभर लांब घेतली. मग त्याच्या पलीकडच्याने.

मी रांग संपेपर्यंत चहा वाढत गेले. शेवटचा कप थिनलेसचा होता. तो मी काठोकाठ भरला.